चमचाभर औषध, पाटीभर अळंबी

निंबटाकळीत उज्वलाबद्दल दोन मतं होती. एक, ती कामाला वाघ आहे. दोन, तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल. दोन्ही मतं खरी होती आणि दोन्ही तिच्या सासूचीच होती. लक्ष्मीबाई पहिलं मत पाहुण्यांपुढं सांगायच्या आणि दुसरं पाहुणे गेल्यावर.

गाव देगलूरपासून अकरा किलोमीटरवर. उज्वलाचं माहेर उदगीरचं, शिक्षण बारावी, वय चौतीस. नवरा वैजनाथ देगलूर आगारात एसटीचा वाहक, म्हणजे घरात कमी आणि गाडीत जास्त. सासरे माणिकप्पा घरची सात एकर बघायचे. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी. लातूरला तीन दिवसांचं अळंबीचं प्रशिक्षण आहे असं उज्वलाला बचत गटातून कळलं, तेव्हा तिनं घरात विचारलं नाही, सांगितलं. येताना पिशवीत ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं घेऊन आली आणि बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गोठ्याला झाडू मारायला लागली.

काम तसं अवघड नव्हतं, पण चिकाटीचं होतं. सोयाबीनचं भुसकट रात्रभर भिजवायचं, पिंपात वाफवायचं, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं. भुसकटाचा एक थर, बियाण्याची एक मूठ. पिशव्या गोठ्याच्या आढ्याला टांगायच्या आणि भोवती ओलं बारदान लावायचं. तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरीफटक झाली की ती फाडायची, दिवसातून तीनदा पाणी फवारायचं, आणि चार-पाच दिवसांत धिंगरीचे, म्हणजे शिंपल्यासारख्या अळंबीचे झुबके बाहेर यायचे. पहिला झुबका आला त्या सकाळी उज्वला एकटीच गोठ्यात उभी राहून हसत होती. तिला फार आनंद झाला होता आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

कारण घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहाचं आधण नाही. मांस-मच्छी तर सोडाच, अंडी घेऊन जाणारा माणूससुद्धा त्या गल्लीत पिशवी पाठीमागं धरून चालायचा. आता अळंबी खाऊ नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण गावात तिला कुत्र्याची छत्री म्हणायचे, आणि शेजारची एक म्हातारी म्हणाली होती की ती अगदी मटणासारखी लागते. मटण कसं लागतं हे त्या म्हातारीला कुठून कळलं, हे विचारायची सोय नव्हती.

"गोठ्यात काय करायचं ते कर," लक्ष्मीबाईंनी सांगून टाकलं. "चुलीपाशी आनायचं न्हाई."

"न्हाई आनत, अव्वा," उज्वला म्हणाली. देगलूरचं एक हॉटेल रोज चार-पाच किलो घ्यायचं. वैजनाथ ड्यूटीला जाताना मोटारसायकलवर पाटी बांधून फाट्यावर दुधाच्या गाडीत टाकायचा. धंदा चालला होता.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात माणिकप्पांच्या उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. चार पावलं चढली की दम लागायचा. वैजनाथ त्यांना नांदेडला डॉक्टर लेनमध्ये घेऊन गेला. सोनोग्राफी झाली, रक्त झालं. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवून सांगितलं, "फॅटी लिव्हर आहे, आजोबा. यकृतात चरबी साचलीय. दुसरी पायरी."

माणिकप्पांनी बाकी काही ऐकलं नाही. लिव्हर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं गावातले तीन-चार जण उभे राहिले, जे देशी पिऊन पिवळे पडले आणि गेले. निंबटाकळीत लिव्हर हा शब्द दारूशिवाय कुणी उच्चारलाच नव्हता. आणि माणिकप्पा कोण? दर सोमवारी मठात शिवभजन म्हणणारे, पानात तंबाखूसुद्धा न घातलेले. बाई समजावत होत्या की ही चरबी दारूविनाही साचते, वजन चौऱ्याऐंशी आहे ते आठ किलोनं उतरवा, रोज पाऊण तास चाला, साखर सोडा, भात आणि तळलेलं कमी करा, सहा महिन्यांनी या. माणिकप्पा मान हलवत होते. परतीच्या गाडीत त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "गावात कुनाला बोलू नको. पित्ताचा त्रास हाय म्हन."

आता हे पथ्य कागदावर सोपं होतं. पण माणिकप्पा गावातले वडीलधारे. सोयरीक ठरवायची असो की बांधाचं भांडण मिटवायचं, बोलावणं त्यांनाच. दिवसाकाठी सात-आठ घरी जाणं, आणि प्रत्येक घरी गोड चहा. नको म्हणावं तर घरातली बाई तोंड पाडून बसणार. आणि चालायचं म्हणजे कुठं चालायचं? निंबटाकळीत माणूस चालतो तो शेताकडं, मठाकडं नाहीतर फाट्याकडं. काम नसताना जाणारा आणि तसाच परत येणारा माणूस दिसला, की ओट्यावरचे चार जण विचारणार, "अप्पा, कुठं निघालाव?" त्याला काय सांगायचं? माणिकप्पा दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी तीन जणांनी विचारलं, चौथ्या दिवशी ते घरी बसले.

उज्वलाला हे सगळं दिसत होतं. सासऱ्यांवर तिचा जीव होता. लग्नानंतर तिच्या बारावीचा निकाल आणायला तेच उदगीरला गेले होते आणि पास झाली म्हणून गावभर पेढे वाटले होते. लातूरच्या प्रशिक्षणात एका सरांनी सांगितलेलं तिला आठवलं, की अळंबीचा यकृतावर चांगला परिणाम होतो असं संशोधन चालू आहे. तिनं फोनवर शोधलं. फोनवर तर काय, जे शोधावं ते सापडतं. एका व्हिडिओतला दाढीवाला सांगत होता की अळंबीनं यकृत धुऊन निघतं. उज्वलाला बरं वाटलं. माणसाला जे हवं असतं ते कुणी सांगितलं की बरं वाटतंच, त्यात तिची एकटीची चूक नव्हती.

चूक पुढं झाली. तिनं धिंगरी जाळीवर वाळवली, मिक्सरमधून काढली, बरणीत भरली आणि सासूपुढं ठेवून म्हणाली, "अव्वा, हे औषध हाय. अप्पाच्या पोटासाठी."

औषध! त्या एका शब्दानं कुलूप उघडलं. कारण औषधाला लिंगायताच्या घरात आडकाठी नसते. लक्ष्मीबाईंनी स्वतः वैजनाथच्या लहानपणी त्याची छाती भरली तेव्हा ब्रँडी चोळली होती. बरणी थेट हिंगाष्टकाच्या शेजारी जाऊन बसली. रोज सकाळी ताकात एक चमचा. माणिकप्पा डोळे मिटून, शिवाचं नाव घेऊन प्यायचे. आठ दिवसांत म्हणायला लागले, "हलकं वाटून राहिलंय." मग त्यांनी ते संगप्पाला सांगितलं.

संगप्पा म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, तीन घरं सोडून राहणारा, आणि पोटाच्या घेराच्या बाबतीत माणिकप्पांपेक्षा दोन बोटं पुढं. माणिकप्पांनी लिव्हरचं नाव काढलं नाही, पोटासाठी चांगलं आहे एवढंच म्हणाले. संगप्पानं एक पुडी नेली, त्याच्या व्याह्यानं एक. दिवाळीपर्यंत अकरा घरांत उज्वलाचं चूर्ण गेलं. तिनं देगलूरहून लेबलं छापून आणली. त्यावर हिरवं पान होतं आणि खाली लिहिलं होतं, पोट व यकृतासाठी गुणकारी वनस्पती चूर्ण. अळंबी हा शब्द कुठंच नव्हता. हे चूर्ण कुणाच्या गोठ्यातून येतं हे अकराही घरांना पक्कं माहीत होतं, आणि लेबलामुळं माहीत नसल्यासारखं करता येत होतं. उज्वलाला मनातून ते टोचत होतं. पण ज्या बायका तिच्या पाटीकडं बघून नाकाला पदर लावायच्या, त्याच आता दारात येऊन "उज्वला, औषध हाय का?" विचारत होत्या. ते तिला आवडलं होतं, खोटं कशाला बोला.

पौषात सहा महिने झाले. वैजनाथला सुट्टी मिळेना, म्हणून उज्वलाच सासऱ्यांना घेऊन नांदेडला गेली. माणिकप्पा खुशीत होते. वजनकाट्यावर चढताना त्यांनी कोटसुद्धा काढला नाही. काट्यानं सत्त्याऐंशी दाखवले.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी आणखी एक तपासणी केली. यकृत किती कडक झालंय ते मोजणारं यंत्र बरगडीवर लावलं. आकडा बघून त्या म्हणाल्या, "आजोबा, रोज चालत होतात का?"

"औषध चालू हाय की, बाई." माणिकप्पांनी कोटाच्या खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. ती त्यांनी प्रवासात चुकू नये म्हणून बरोबर आणली होती.

बाईंनी लेबल वाचलं, उलटवलं. "कशाचं आहे हे?"

"अळंबीचं," उज्वला म्हणाली. "धिंगरीचं. मीच करते."

बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी शांतपणे सांगितलं. "अळंबीवर संशोधन चालू आहे, खरं आहे. उंदरांच्या यकृतावर बरे परिणाम दिसलेत. माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. चमचाभर पावडरीनं यकृताची चरबी उतरते, असं आज मी कुणालाही सांगू शकत नाही. बाजारात या नावानं काहीही विकतात, काहींना तर त्यानं उलट यकृताचा त्रास झालाय. तुमची धिंगरी चांगली भाजी आहे. भज्यांच्या जागी ती खाल्ली असती तर मी खूश झाले असते. पण तुम्ही ती औषध म्हणून घेतली, आणि औषध चालू आहे म्हणून बाकीचं सगळं सोडून दिलं."

"आता?" उज्वलानं विचारलं.

"आता यकृत कडक व्हायला लागलंय. इथून मागं फिरता येतं. पुढच्या पायरीला गेलं की फिरता येत नाही, मग पोटात पाणी होतं, रक्ताच्या उलट्या होतात. सहा महिने आहेत असं समजा."

माणिकप्पांना हे पटलं नाही. ते खुर्चीत ताठ झाले. "बाई, तुम्ही शिकलेल्या हाव, पन हे औषध माझ्या सुनंनं केलेलं हाय. ती मला खोटं सांगनार न्हाई."

उज्वलानं मान खाली घातली. त्या क्षणी तिला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर ती हसत गेली असती. जिच्यावर विश्वास ठेवून हा माणूस सहा महिने मरणाकडं सरकला ती आपण, हे तिला लख्ख कळलं. नांदेड ते देगलूर दोन-अडीच तासांचा प्रवास. पण गाडी नरसीच्या पुढं आली तोवर तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासरे ताकाचा पेला घेऊन बसले तेव्हा तिनं चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला. "अप्पा, हे औषध न्हाई. ही अळंबी हाय. मी औषध म्हनले ते चुकले. तुमचं यकृत ह्यानं सुधारलं न्हाई, बिघडलं. ह्याच्या भरवशावर तुम्ही बसून राहिलाव." लक्ष्मीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं. "अय्यो शिवा!" म्हणून त्या उठल्या आणि बरणी, चमचा, पेला तिन्ही अंगणात नेऊन ठेवले.

मग उज्वला निघाली. अकरा घरं. प्रत्येक दारात तेच वाक्य. हे औषध नाही, ही गोठ्यातली धिंगरी आहे, पोट-यकृत काही बरं होत नाही, भाजी म्हणून खायची असेल तर ताजी देते, नाहीतर पुडी परत द्या. सातव्या घरापर्यंत तिचा घसा बसला होता. कुणी पुडी चिमटीत धरून आणून दिली, कुणी दारच लावलं. संगप्पा मात्र भडकला.

"तू औषध म्हनत होतीस तवर ठीक होतं," तो म्हणाला. "आता भाजी म्हनून राहिलीस. म्हंजे चार महिने आम्ही कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या?"

"तुम्हाला माहीत न्हवतं का, काका? गोठा तुमच्या खिडकीतून दिसतोय."

"माहीत असनं येगळं, तोंडावर सांगनं येगळं!" संगप्पा ओरडला. मग त्यानं डोळे बारीक केले. "आन माणिकप्पा कशासाठी घेत होता? खरं सांग, पित्त न्हाई ना त्याचं?"

उज्वलाला एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. पण आजार सासऱ्यांचा होता, सांगायचा हक्कही त्यांचाच. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणून ती परत फिरली. चार दिवसांनी संगप्पाच्या ओट्यावर उदगीरच्या बाजारातून आणलेली दुसऱ्याच कुठल्या चूर्णाची मोठी बाटली दिसायला लागली. उज्वलाचा संताप झाला. पण आधी घरचं बघायचं होतं.

घरचं अवघड होतं. माणिकप्पा तिच्याशी बोलेनात. चाला म्हटलं की म्हणायचे, "कुठं चालू? काम न्हाई धंदा न्हाई, लोक काय म्हनतील?" आठ दिवस तिनं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तिनं वैजनाथला सांगितलं, "उद्यापासून तुमची गाडी माझी पाटी नेनार न्हाई." वैजनाथनं बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि का असं विचारलं नाही. सोळा वर्षांच्या संसारात तेवढं तो शिकला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोडलेली चार किलो धिंगरी पाटीत भरून तिनं सासऱ्यांपुढं ठेवली. "अप्पा, दुधाची गाडी सातला फाट्यावर येते. तोडलेली अळंबी दिवसाच्या वर टिकत न्हाई. हे न्हाई नेलं तर सगळं उकिरड्यावर."

फाटा अडीच किलोमीटर. जाऊन-येऊन पाच. माणिकप्पांना हिशेब कळला. ते लाल झाले. "मी? मठाचा मानूस, कुत्र्याच्या छत्र्या वाहू? गावादेखत?"

"चमचाभर पोटात चालल्या," उज्वला म्हणाली, "पाटीभर डोक्यावर न्हाई चालत?"

लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला की धक्क्यानं, ते कळलं नाही. माणिकप्पा तसेच बसले. सात वाजले, साडेसात वाजले. उज्वलानं ती पाटी त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून उकिरड्यावर ओतली. दुसऱ्या दिवशीही ओतली. हॉटेलवाल्याचा फोन आला, तिनं उद्या येईल म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती पाटी उचलायला वाकली तर सासऱ्यांनी काठी आडवी घातली. मातीत हात घालून आयुष्य काढलेल्या माणसाला पिकलेला माल फेकलेला बघवत नाही, हे उज्वलाला ठाऊक होतं. त्यांनी पाटीवर धोतराचं जुनं पान पांघरलं, ती काखेत मारली आणि तणतणत निघाले.

माघ आणि फाल्गुन ते रोज चालले. ओट्यावरून हाळी यायची, "अप्पा, छत्र्या निघाल्या का?" ते मान वर करायचे नाहीत. कपडा मात्र पंधरा दिवसांनी निघाला, कारण त्यानं माल घामेजतो असं हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं. घरात साखरेचा डबा उज्वलानं कपाटात ठेवला. लक्ष्मीबाईंशी त्यावरून दोनदा भांडण झालं, दोन्ही वेळा उज्वला जिंकली. काटा सत्त्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर आला. माणिकप्पा अजून तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

आणि मग ऊन तापलं. चैत्रात गोठ्यातला पारा चढला, बारदान किती भिजवलं तरी पिशव्या सुकायला लागल्या. धिंगरी उन्हाळ्यात येत नाही, त्याला कुणाचा इलाज नाही. शेवटची पाटी गेली आणि माणिकप्पा परत घरी बसले. काम संपलं होतं. उज्वलाला धास्तीनं झोप लागेना. पावसाळ्याशिवाय पाटी नाही, आणि पावसाळ्यापर्यंत यकृत थांबेल याची हमी नाही. तिनं शेतातली कामं काढून बघितली, निरोप काढून बघितले. माणिकप्पा ओळखून होते. "न्हाई माय," म्हणायचे, "उगं बहाने नको करू."

वैशाखात बसव जयंती आली. मठापुढं मांडव, शिवभजन, आणि गावजेवण. जेवणात हुग्गी. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांना सांगायला हवं, की गहू कुटून, गुळात शिजवून, वर तुपाची धार धरलेली ही खीर नको म्हणणं म्हणजे देवाच्या दारात पाठ फिरवणं. वाढायला संगप्पा होता. उज्वला बायकांच्या पंगतीत पाणी वाढत होती आणि तिचं लक्ष समोर सासऱ्यांच्या पानावर होतं.

संगप्पानं एक वाटी घातली. माणिकप्पांनी खाल्ली. त्यानं दुसरी घातली. ते थांबले. तिसऱ्या वेळी तो पातेलं घेऊन आला तेव्हा माणिकप्पांनी पानावर हात आडवा धरला.

"बास."

"बास कसं? बसवण्णाचा प्रसाद हाय," संगप्पा मोठ्यांदा म्हणाला. "का सुनंच्या छत्र्या खाऊन पोट भरलं?" पंगत हसली.

माणिकप्पांनी हात काढला नाही. उज्वलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला दिसलं की ते तिच्याकडं बघतायत. मग ते उठून उभे राहिले. जेवता जेवता पानावरून उठणं हे तिथं कुणी करत नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

"मला लिव्हर झालंय," माणिकप्पा म्हणाले. आवाज भजनाचाच होता, शेवटच्या पंगतीपर्यंत गेला. "दारूचा थेंब घेतला न्हाई, तरी झालंय. हुग्गीनं, भातानं, तुमच्या घरच्या च्यानं झालंय. वरीस झालं लाजून लपवून राहिलो. चमचाभर चूर्न खाऊन निजलो, आन दुखनं वाढलं. आता ह्यापुढं मला कुनी गोड वाढायचं न्हाई. आन मी उद्यापासून फाट्यापर्यंत जानार, आन परत येनार. कशासाठी, म्हनून कुनी इचारायचं न्हाई."

ते परत बसले आणि पानातली उरलेली वरण-भाकरी खाल्ली. संगप्पा पातेलं धरून तिथंच उभा होता. उज्वला मांडवामागं गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली. दोन मिनिटांत तोंड पुसून परत पाणी वाढायला आली, कारण बायकांची पंगत तहानलेली होती.

पुढचे अडीच महिने माणिकप्पा रिकाम्या हातानं चालले. तिसऱ्या आठवड्यात संगप्पा काही न बोलता बरोबर निघायला लागला. त्याच्याही घरच्या पेटीत, तेच दुखणं लिहिलेला, देगलूरच्या सोनोग्राफीचा कागद वर्षभर पडून होता, हे त्यानं फाट्यावरच्या वडाखाली बसून सांगितलं म्हणे. उदगीरची ती बाटली त्यानं टाकली की नाही हे अजून कुणाला कळलेलं नाही.

आषाढात उज्वला सासऱ्यांना घेऊन परत नांदेडला गेली. या वेळी माणिकप्पांनी कोट, पागोटं, चपला सगळं काढून काट्यावर पाय ठेवला. ऐंशी. यंत्राचा आकडा खाली आला होता. फार नाही, पण आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबी एक पायरी उतरलीय, कडकपणा मागं फिरायला लागलाय, अजून चार किलो उतरवा आणि हे जन्मभर चालू ठेवा.

"काय केलंत आजोबा?" त्यांनी विचारलं. "मागच्या वेळी तर माझं एक अक्षर ऐकायला तयार नव्हता तुम्ही."

माणिकप्पांनी शेजारी बसलेल्या सुनेकडं बोट केलं.

"हिनं अकरा घरी जाऊन सांगितलं, माझं औषध खोटं हाय म्हनून. आपल्या तोंडानं. सगळं गाव थुंकलं हिच्यावर, तरी सांगितलं." त्यांनी पागोटं डोक्यावर नीट बसवलं. "बाई, जे मानूस सोताच्या इरुद्ध खरं बोलतं, ते मला चाल म्हनत होतं. मग चालायलाच पायजे होतं."